महिन्यापूर्वीचा बर्फ

कोरेगाव भीमात बर्फ भेटतो तो रसवंतीवर, लाकडाच्या भुशाने माखलेल्या लादीच्या रूपात. एखाद्या मार्चमध्ये गारपीट झाली तर कांद्याच्या पातीवर तासभर पांढरा थर दिसतो, एवढंच. अशा गावात बसून हिमस्खलनावर मराठी पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : हे वाचणार कोण? शिरूर-दौंडकडच्या ज्या मंडळींनी हे पुस्तक जमवलं त्यांनाही तो अनेकांनी विचारला, आणि त्यांनी उत्तर देण्याचं काम प्रस्तावनेच्या निमित्ताने माझ्यावर ढकललं.

उत्तराचा अर्धा भाग गावाच्या वेशीवरच आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा जयस्तंभ भीमेकाठी उभा आहे. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता. चिन्ह पुढे बदललं, पण या पट्ट्यातल्या घरांतून सैन्यात जाणं थांबलं नाही. पलटण महारांची असो, मराठा लाइट इन्फंट्री असो की तोफखाना, नोकरीच्या काळात एकदा तरी कारगिल, गुरेझ किंवा सियाचीन वाट्याला येतं. एप्रिल 1984 पासून आपलं सैन्य सियाचीनवर आहे आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने व बर्फाने जास्त माणसं नेली आहेत. 3 फेब्रुवारी 2016 रोजी साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम ठाण्यावर बर्फाची भिंत कोसळली आणि 10 जवान गाडले गेले. त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. कर्नाटकचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले तेव्हा इकडे एसटी स्टँडवरही दुसरा विषय नव्हता. पुढे दवाखान्यात त्यांचा प्राण गेला आणि बातमी संपली. पुढच्याच जानेवारीत गुरेझमध्ये पुन्हा जवान गाडले गेले, त्यांतही महाराष्ट्रातली घरं होती. पलीकडच्या बाजूचंही तेच. 2012 च्या एप्रिलमध्ये गयारी इथे पाकिस्तानी सैन्याचा अख्खा तळ, जवळजवळ 140 माणसं, एका रात्रीत बर्फाखाली गेली.

उरलेला अर्धा भाग पाठीवर सॅक घेऊन हिंडतो. मराठी गिर्यारोहणाला मोठी परंपरा आहे. मुंबईची गिरिविहार 1954 ची, पुण्याची गिरिप्रेमी 1982 ची. सुरेंद्र चव्हाण 1998 साली एव्हरेस्टवर पोचले, 2012 मध्ये गिरिप्रेमीची तुकडी तिथे गेली, 2019 मध्ये त्याच संस्थेचे 10 जण एका मोहिमेत कांचनजंगाच्या माथ्यावर उभे राहिले. या मंडळींना इथलं बरंचसं आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही. रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यात पाळ्या करणारी, रविवारी राजगड-तोरणा करणारी, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेली जी तरुण मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी आहे. नाताळच्या सुट्ट्या जुळवून ती डेहराडूनला उतरतात, सांकरीला पोचतात आणि आयुष्यातला पहिला बर्फ केदारकांठ्याच्या वाटेवर तुडवतात. पुढच्या वर्षी ब्रह्मताल, त्याच्या पुढच्या वर्षी कुआरी खिंड. तिसऱ्या वर्षी त्यांना वाटाड्याशिवाय जावंसं वाटू लागतं, आणि गोष्ट तिथून बिघडते.

कारण सह्याद्री आपल्याला जे शिकवतो त्यातलं फार थोडं बर्फात उपयोगी पडतं. सह्याद्रीतला धोका बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो. घसारा दिसतो, शेवाळलेला कातळ दिसतो, सुटा दगड हाताने हलवून बघता येतो. पाऊस कोसळतोय म्हणजे नाळेत उतरायचं नाही, हे शेरडं राखणाऱ्या पोरालाही कळतं. बर्फाचा उतार मात्र सर्वांत देखणा असतो तेव्हाच सर्वांत वाईट असू शकतो : निळं आकाश, काल रात्रीचा ताजा बर्फ, वारा पडलेला. माणूस ज्यावर पाय ठेवतो तो आजचा बर्फ असतो, पण तो ज्यामुळे मरतो तो पुष्कळदा महिन्यापूर्वीचा असतो. माझ्या मते या विषयाचं सारं मर्म एवढंच आहे.

नीट सांगायचं तर असं. नोव्हेंबर-डिसेंबरात पडलेला पहिला बर्फ जमिनीवर पातळ थर धरतो. बर्फाच्या पांघरुणाखाली जमिनीलगतचं तापमान शून्य अंशाच्या आसपास राहतं, आणि वर निरभ्र रात्री पारा उणे 15, उणे 20 पर्यंत उतरतो. थर जर अर्धा मीटरच असेल तर तेवढ्याशा जाडीत तापमानाचा केवढा तरी फरक कोंबला जातो. 10 सेंटिमीटरला 1 अंशाहून जास्त फरक पडू लागला की खालची वाफ कणाकणांतून वर सरकते, पुन्हा गोठते आणि मूळ चांदणीसारखे कण मोडून टोकदार, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. हातात घेतले तर खडीसाखरेसारखे खुळखुळतात, मूठ वळत नाही. आता जानेवारीत दोन दिवस दणकून बर्फ पडतो, वारा तो उचलून धारेच्या आडोशाला दाबून बसवतो, आणि त्या खुळखुळत्या थरावर एक सलग, कडक, जड फळी तयार होते. ती तिथे टिकते, कधी आठवडाभर, कधी महिनाभर. मग कुणीतरी तिच्यावरून चालत जातं.

वरची फळी, खालचा कमकुवत थर, त्याखाली घसरायला गुळगुळीत पृष्ठ आणि 30 ते 45 अंशांचा उतार, एवढं जमून आलं की फक्त निमित्त लागतं. कमकुवत थर एका जागी बसला की तडा त्याच थरातून आडवा पळत जातो आणि क्षणात अख्खा उतार सुटतो. चालणारा मधोमध असतो. हौशी लोकांच्या अपघातांचा पाश्चात्त्य देशांतला हिशेब सांगतो की दहापैकी सुमारे नऊ वेळा हे निमित्त गाडला गेलेला स्वतः किंवा त्याचा सोबतीच असतो. कड्यावरून अवचित काहीतरी कोसळलं, असं क्वचित घडतं. ही गोष्ट मन पटकन मान्य करत नाही, पण केल्यावर तिच्यात दिलासाही आहे : निमित्त आपण असू, तर ते टाळणंही आपल्या हातात आहे.

या वर्णनातून एक उलटा निष्कर्ष निघतो आणि तो मराठी ट्रेकरने पाठ करावा असा आहे. 'यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी' हे वाक्य सांकरीच्या ढाब्यावर दर डिसेंबरला ऐकू येतं. पातळ बर्फ आणि कडाक्याची थंडी यांतूनच तो खुळखुळता थर जन्मतो. कमी बर्फाचा डिसेंबर हा वाईट फेब्रुवारीचा पाया असू शकतो. उलट जिथे हंगामाच्या सुरुवातीलाच जाड बर्फ बसतो आणि हवा फार गार नसते, तिथे थर एकमेकांत मुरतात आणि उतार लवकर शांत होतो.

उतार सूचना देत नाही असंही नाही. शेजारच्या उतारावर ताजं स्खलन झालेलं असतं. पाय टाकताच 'धप्' असा दबका आवाज येतो आणि सभोवतालचा बर्फ किंचित खाली बसतो. पावलापासून तडे पळत जातात. एका दिवसात फूटभर नवा बर्फ पडलेला असतो, किंवा दुपारी एकाएकी ऊन तापून बर्फ ओला होतो. ही चिन्हं आंधळ्यालाही कळतील इतकी ढोबळ आहेत, आणि तरीही अपघातांच्या वर्णनांत पुन्हापुन्हा भेटतात : दिसली होती, ऐकली होती, पुढे गेलो.

गाडलं गेल्यावर काय, याचं उत्तर कठोर आहे. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, बोटही हलत नाही. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून 1994 साली मांडलेल्या आलेखात पहिल्या पंधरा-अठरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ जगतात, पस्तिसाव्या मिनिटाला तिघांपैकी एक. अलीकडच्या अभ्यासांनी ती पहिली मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. हेलिकॉप्टर, एनडीआरएफ, लष्कर, कुणीही दहा मिनिटांत पोचत नाही. वाचवणार तो शेजारी चालणारा सोबती, तेही त्याच्याकडे आणि गाडल्या गेलेल्याकडे 457 किलोहर्ट्झवर चालणारा, गाडलेल्याचा ठिकाणा सांगणारा बीकन असेल, बर्फात खुपसून शोधायची सळई असेल, धातूचं फावडं असेल आणि ते वापरायचा सराव असेल तरच. आपल्या हिवाळी ट्रेकच्या सामानयादीत गेटर असतात, पॉवरबँक असते, या तीन वस्तू नसतात. हनुमंतप्पांचे सहा दिवस हा नियमाला अपवाद होता, त्यावर कुणी आशा बांधू नये.

या ज्ञानाचा उगम युद्धात आणि रेल्वेत आहे, हौसेत नाही. पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये समोरासमोर बसलेल्या इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्यांना बर्फाने हजारोंनी गिळलं. डिसेंबर 1916 मध्ये मार्मोलाडाच्या उतारावर ऑस्ट्रियन छावणी एका पहाटे गाडली गेली. पुढे स्वित्झर्लंडने दावोसच्या वर वाइसफ्लुयोख इथे 1930 च्या दशकात प्रयोगशाळा काढली. तिथे पहिल्यांदा जमलेली माणसं पाहण्यासारखी आहेत : रॉबर्ट हेफेली माती आणि पायाच्या बांधकामाचा अभियंता, हेन्री बाडर स्फटिकांचा अभ्यासक. बर्फाकडे त्यांनी एकीकडे भार पेलणारं द्रव्य म्हणून पाहिलं, दुसरीकडे सतत रूप बदलणारा स्फटिक म्हणून. खड्डा खणायचा, थर मोजायचे, कण भिंगाखाली धरायचे, कुठला थर कच्चा ते शोधायचं, ही स्विस शाळा. 1950-51 च्या भयंकर हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये 98 माणसं गेली. त्यानंतर गावांचे धोक्याचे नकाशे आणि डोंगरमाथ्यावरची पोलादी कुंपणं यांना जोर आला.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या अंगाने वाढली. युद्धात पर्वतीय दलातून परतलेला माँटी ॲटवॉटर युटातल्या आल्टा इथे वनखात्याच्या नोकरीत लागला आणि त्याने उतारावर तोफ डागून बर्फ आधीच पाडून टाकायची रीत बसवली. दावोसला शिकून आलेला एड लाशापेल त्याला मिळाला. स्फोट, रस्ता, स्की-उतार, रोजची वही : ही कामकऱ्यांची शाळा. भारतातल्या लष्करी रस्त्यांवरची पद्धत हिच्याच कुळातली आहे.

तिसरी शाळा एका वाटाड्याने काढली. वर्नर मुंटर या स्विस मार्गदर्शकाने 1990 च्या दशकात म्हणायला सुरुवात केली की खड्डा फसवतो. इथला थर पक्का, दहा मीटरवरचा कच्चा, मग एका खड्ड्यावर जीव कसा टांगायचा? त्यापेक्षा त्या दिवसाचा जाहीर धोका-अंक घ्या आणि उताराचा कोन मोजा. अंक 2 असेल तर 40 अंशांच्या खाली राहा, 3 असेल तर 35, 4 असेल तर 30. शास्त्रज्ञ चिडले, वाटाड्यांनी ते उचललं, आणि युरोपात अपघातांकडे पाहण्याची नजर बदलली. अर्थात त्याला रोजचा जाहीर अंक लागतो. तो युरोपात 1993 पासून एकाच पाच पायऱ्यांच्या मापाने मिळतो.

चौथी शाळा बर्फाकडे पाहतच नाही, माणसाकडे पाहते. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने सातशेहून अधिक अपघात चाळले आणि दाखवलं की गेलेल्यांत प्रशिक्षण घेतलेले पुष्कळ होते, धोक्याची चिन्हं समोर होती, तरीही माणसं ठराविक सापळ्यांत अडकली : वाट ओळखीची आहे, पुढारी अनुभवी आहे, पुढे आधीच पावलं उमटलेली आहेत, इतक्या लांब येऊन परत कसं जायचं. फेब्रुवारी 2003 मध्ये कॅनडात रॉजर्स खिंडीजवळ शाळेच्या सहलीतली सात मुलं गेली. त्यानंतर तिथे उतारांची प्रतवारी करून कुणी कुठे जावं याची सोपी कोष्टकं झाली. ही शाळा मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिचा विद्यार्थी आपल्याकडे आधीच तयार आहे. गड 'सर' करायच्या संस्कारात वाढलेल्या पोराला माथ्यापासून शंभर मीटरवरून मागे फिरायला कुणी शिकवत नाही. परत आलेल्याचा सत्कार कुठल्याही गावात होत नाही.

भारताची स्वतःची शाळा सरकारी आणि लष्करी आहे. मनालीत 1969 साली हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. सासे या नावाने ती पहाडात सर्वांना माहीत होती. 2020 मध्ये ती संरक्षण खात्याच्या नव्या भूमाहिती संशोधन संस्थेत विलीन झाली, आणि वर्तमानपत्रांत येणारे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचे जिल्हावार इशारे आता तिथून निघतात. या संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे पाडले. पीर पंजाळच्या खालच्या पट्ट्यात बर्फ भरपूर आणि हवा त्यामानाने उबदार, तिथे स्खलनं वादळासोबत होतात आणि थर लवकर मुरतात. मधल्या पट्ट्यात थंडी वाढते. काराकोरमच्या वरच्या पट्ट्यात बर्फ कमी, थंडी जीवघेणी, आणि जमिनीलगतचा तो खुळखुळता थर हिवाळाभर टिकतो. म्हणजे गुलमर्गला शिकलेलं सगळं लडाखला चालत नाही. सह्याद्रीवाल्याला हे समजायला हरकत नाही, भंडारदऱ्याचा पाऊस आणि सुप्याचा पाऊस आपण कधी एका मापाने मोजत नाही.

हा बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात. त्यांची दुसरी टोकं आपल्या शिवारातही पोचतात. उत्तरेत झंझावात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे उतरतात, निफाडचा पारा पडतो आणि शिरूरमध्ये शेकोट्या पेटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच झंझावात बंगालच्या उपसागरावरच्या बाष्पाला भेटले की कांदा-द्राक्षावर गारा कोसळतात, 2014 सारख्या. रेडिओवर थंडीची लाट ऐकणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला हिमाचलच्या उतारावर आत्ताच नवा भार चढला आहे, हे नकाशा न बघता सांगता येईल.

2014 चं साल आणखी दोन कारणांनी लक्षात राहतं. ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याचं उरलेलं बाष्प नेपाळमधल्या थोरोंग खिंडीच्या परिसरात बर्फ होऊन कोसळलं. तिथे चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यांत ट्रेकरही होते आणि स्थानिकही. हंगाम ट्रेकिंगचा होता. त्याआधी, 30 जुलैला, आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं आणि 151 जीव गेले. माळीणजवळून वाहणारी घोड नदी पुढे आमच्या भीमेलाच मिळते. चिखल आणि बर्फ वेगळे, पण उतारावर चढत गेलेला भार, आतला एक कमजोर थर आणि वर दिसणारी शांतता हे गणित एकच आहे. दरडींवर मराठीत वेगळं पुस्तक हवं. ते या मंडळींनीच लिहावं, असा माझा आग्रह आहे.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारण आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये रोहतांगखालचा 9 किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि हिवाळ्यात बंद पडणारं लाहौल मोटारीने गाठता येऊ लागलं. गुलमर्गचा गंडोला जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेऊन सोडतो, आणि तिथल्या अफरवटच्या मोकळ्या उतारांवर 2023 व 2024 च्या लागोपाठ फेब्रुवारींत परदेशी स्कीपटू दगावले. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी द्रौपदी का डांडा 2 वर गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत, आणि गेलेल्यांत एव्हरेस्ट आणि मकालू एकाच हंगामात करणारी प्रशिक्षक सविता कंसवाल होती. तो काही जानेवारी नव्हता, पावसाळ्याच्या शेवटाचा बर्फ होता. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या मजुरांची छावणी स्खलनाखाली सापडली आणि आठ मजूर गेले. ते कुठे चढत नव्हते, कामावरच्या निवाऱ्यात होते. उताराखालचं सपाट मैदान तंबूला सुरक्षित वाटतं, पण स्खलन उतार संपल्यावर थांबत नाही, मैदानावर धावत येतं. 2015 च्या भूकंपात एव्हरेस्टच्या तळछावणीवर पुमोरीकडून आलेल्या लोटाने हेच दाखवलं.

आपल्याकडे आणखी एक उणीव आहे. अपघात झाला की दोन दिवस बातमी, मग श्रद्धांजली, मग मौन. कोन किती होता, बर्फ कधी पडला होता, कुणी काय पाहिलं, मागे फिरायची चर्चा झाली का, हे कुणी लिहून छापत नाही. लिहिलं तर गेलेल्याची बदनामी झाली, असं मानतात. स्विस किंवा कॅनेडियन हिवाळी अहवाल वाचताना पहिल्यांदा विचित्र वाटतं, इतक्या थंडपणे मरणाची नोंद. तरी त्याच थंड नोंदींतून वरच्या चारही शाळा उभ्या राहिल्या. या पुस्तकाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयत्न तोच आहे : ज्ञात अपघात आणि थोडक्यात हुकलेले प्रसंग, नावं वगळून, उताराच्या कोनासह आणि आदल्या पंधरा दिवसांच्या हवामानासह मांडायचे. जवानांच्या घरच्यांनी आणि निवृत्तांनी सांगितलेल्या गोष्टीही त्यात आहेत, संवेदनशील ठिकाणं गाळून.

एका बाबतीत माझं लेखकांशी पटलेलं नाही. त्यांनी खड्डा खणून थर तपासण्यावर भरपूर पानं खर्चली आहेत, आकृत्याही सुरेख आहेत. वर्षातून पाच दिवस बर्फ पाहणाऱ्याने खड्डा खणून 'पक्का आहे' असा निर्वाळा द्यावा, याची मला धास्ती वाटते. फोनमधल्या कोनमापकाने उतार मोजणं, 30 अंशांच्या वर न जाणं आणि वर काय टांगलेलं आहे ते मान वर करून पाहणं, एवढं त्याने केलं तरी पुष्कळ झालं. लेखकांचं म्हणणं असं की आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस कोनाचा नियम पाळत नाही. त्यांनी सांकरीला नेलेल्या मुलांवरून ते हे सांगतात, म्हणून मी वाद सोडून दिला. वाचकाने दोन्ही बाजू पाहून ठरवावं.

हिमदंश, विरळ हवेचे आजार आणि हिमनदीतल्या भेगा हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल. शब्दांच्या बाबतीत लेखकांनी हट्ट धरलेला नाही. जिथे ट्रेकर 'स्लॅब' आणि 'बीकन' म्हणतो तिथे तेच ठेवलंय, जिथे नाळ, धार, सोंड चालते तिथे ती आहे. घाईत असलेल्याने उताराच्या कोनाचं प्रकरण आधी वाचावं आणि डेहराडूनच्या गाडीत बाकीचं. शेवटी जोडलेला नोंदीचा तक्ता फाडून घेता येतो. परत आल्यावर तो भरून, नाव न घालता, लेखकांना पाठवला तर दुसऱ्या आवृत्तीत तो छापला जाईल. माथा गाठला नाही तरीही पाठवावा, असे तक्ते त्यांना जास्त हवे आहेत.